आत्याचा आदिताल आणि दोन गाड्या

आमच्या घरात देवनागरी वाचता येणारी मी एकटीच उरले आहे. बाकीचे मराठी बोलतात, तमिळ वाचतात आणि इंग्रजीत भांडतात. त्यामुळे हे कोणी वाचणार नाही, या भरवशावर सगळं खरं लिहून टाकते.

माझे दोन्ही भाऊ पन्नाशी ओलांडलेले, पण गाडीचा विषय निघाला की दोघांना पुन्हा मिसरूड फुटतं. थोरला तंजावरात असतो. त्याच्याच घरी मी आणि आमची आत्या राहतो. त्यानं मागच्या वर्षी पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी सेडान घेतली. तिला चार्जिंगला लावायचा प्लग मागच्या पडवीत, इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरशेजारी. दोन्ही एकदम चालू केलं की फ्यूज उडतो. त्यामुळे शनिवारी गाडी चार्ज होणार की पीठ वाटलं जाणार, यावर वहिनीचं आणि त्याचं वाजतं. मी कायम पिठाच्या बाजूनं.

धाकटा चेन्नईला. पोंगलला तो नवीकोरी स्पोर्ट्स कूपे घेऊन आला. दोन दारांची, निळी, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. देवळापुढे तिच्या चाकांखाली लिंबं ठेवून झाली, ती चिरडूनही झाली, आणि घरी पोचेपर्यंत दोघांची जुंपली. थोरल्याचं म्हणणं, विजेची मोटर पाय ठेवल्या क्षणी ओढ घेते, साठपर्यंत त्याची सेडान मागं राहणार नाही. धाकटा नुसता हसला. थोरल्याला ते हसणं लागलं.

बायपासपलीकडे ओळखीच्या माणसाच्या प्लॉटांचा लेआउट आहे. डांबरी रस्ते झालेत, घर एकही नाही. तिथं त्याला विचारून शून्यापासून साठपर्यंत दोन्ही गाड्या आळीपाळीनं पळवून बघायच्या ठरल्या. अडलं ते वेळ मोजण्यावर. धाकट्याच्या फोनवर थोरल्याचा विश्वास नाही, थोरल्याच्या घड्याळावर धाकट्याचा नाही. शेवटी दोघं एकाच वेळी म्हणाले, आत्या मोजेल.

आत्यानं चाळीस वर्षं जवळच्या तिरुवैयारुला मुलांना कर्नाटकी गाणं शिकवलं. आदितालाची टाळी, मग करंगळीपासून बोटं, असा तिचा हात मांडीवर पडायला लागला की भिंतीवरच्या घड्याळानं लाजावं. आम्ही लहानपणी तिच्या टाळीवर अंडी उकडायचो. तालाची एवढी आवर्तनं झाली की उतरवायची. पण दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली, महिनाभर अंथरुणाला खिळली, आणि उठली ती म्हणाली, हातात लय राहत नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना तिनं एकेक करून घरी पाठवलं. तंबोऱ्यावर खोळ चढली. आम्ही समजावून थकलो. खरं सांगायचं तर तिचा तो रिकामा हात बघवत नसे.

मोजायलाही ती आधी नाहीच म्हणाली. धाकट्यानं तिचे पाय धरले तेव्हा कुठे उठली. मला वाटतं, तिलाही बघायचंच होतं, हात अजून आपला आहे का.

आधी सेडान. आत्या पुढं, पट्टा लावून. मी मागं, हौसेनं फोनवर वेगाचा काटा चित्रित करत. सेकंदाला एक टाळी, एका टाळीत चार मात्रा: त, क, दि, मि. थोरल्यानं पाय दिला, गाडी आवाज न करता सुटली, आणि चौथ्या तकदिमीतल्या ‘दि’वर तो म्हणाला, साठ. पंधरा मात्रा.

मग कूपे. मला फोनसकट मागच्या सीटवर घडी घालून बसवलं. धाकट्यानं गाडी सोडली तशी ती अशी गरजली की पाठ सीटला चिकटली आणि पोटातलं पोंगल वर आलं. आत्या मोठमोठ्यानं तकदिमी म्हणत होती. पुन्हा चौथ्या तकदिमीतल्या ‘दि’वर साठ. पंधरालाच पंधरा.

थोरला लहान पोरासारखा नाचायचा बाकी होता. मी मात्र बाजूला जाऊन फोन बघितला. सेडानला साडेतीन सेकंद लागले होते, बरोबर मात्रांच्या हिशेबात. कूपेला तीनही नाहीत. आत्याची लय पळाली होती. धाकट्याला दाखवलं. त्यानं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, पुसून टाक, बरोबरी झाली म्हणू या. एरवी पत्त्यांतसुद्धा हार न मानणारा हा माणूस. मला त्याची पापी घ्यावीशी वाटली, पण पन्नाशीचा आहे तो.

मी पुसलं नाही. ते बरंच झालं. संध्याकाळी कॉफीचा पेला हातात धरून आत्या आम्हा दोघांपाशी आली.

“तुझ्या गाडींत माझी लय पळाली,” ती धाकट्याला म्हणाली. “लपवूं नको. मला तेव्हांच कळलें.”

तिनं फोन मागितला. सेडानचं चित्रण लावलं आणि त्याबरोबर मांडीवर हात टाकला. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मग कूपेचं लावलं, आणि फोनमधली स्वतःची तकदिमी मांडीवरच्या हाताला मागं टाकून पुढं पळताना ऐकली. तिचा चेहरा उतरला.

“पाहिलास की? गेलीच ती.”

धाकट्यानं तिच्या पायाशी बसकण मारली. हा तिचाच विद्यार्थी, मार खाऊन तयार झालेला.

“लय गेलेल्याला पळाली हें कळतच नाही, अत्त्या. तूंच सांगत होतीस, चापटी मारून. तुला तर बसल्या जागीं कळलें.”

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. मग हसायला लागली.

“पोरें भिऊन लय पळवतात म्हणून मारत होतें मी,” ती म्हणाली. “खुशीनें पण पळवतात की रे.”

थोरला अजून सगळ्यांना बरोबरी झाली म्हणून सांगतो. त्याला मी काही बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं तंबोऱ्याची खोळ काढली आणि धाकट्याला म्हणाली, तिरुवैयारुला चल, मुलींना पुन्हा शिकायला या म्हणून सांगायचं आहे. कुठल्या गाडीतून, असं मी विचारलं. त्या निळ्या, ती म्हणाली. मी पुन्हा मागच्या सीटवर घडी होऊन बसले. सबंध रस्ताभर ती कूपे ट्रॅक्टरांच्या मागून मुकाट्यानं गेली, आणि पुढच्या सीटवर आत्याचा हात मांडीवर पडत राहिला, टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट.