फ्यूजच्या जागची तार

अंथुर्ण्याच्या फाट्यावर त्या सकाळी धुकं असं बसलं होतं की पलीकडचं हॉटेल दिसत नव्हतं, नुसता कपबशांचा आवाज ऐकू येत होता. बादशाह शेख लेकीबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होता. मेहजबीन दहावीला. कळसहून पोरी भरून बारामतीच्या शाळेत नेणारी ऋषिराजची जीप तिला इथूनच घ्यायची. एरवी बादशाह तिला एकटीच पाठवायचा. आज तो आला होता स्वतःचं काम बघायला. विचारलं असतं तर म्हणाला असता, पोरीची काळजी हो, धुकं किती पडलंय.

धुक्यातून आधी दोन पिवळे दिवे दिसले, खाली, रस्त्याला लागून. मग त्यांच्यामागं जीप उमटली. कालच संध्याकाळी बादशाहनं बसवलेले फॉगलाइट.

"चाचा, नुसता उजेड न्हाय, रस्ता दिसतोय रस्ता!" ऋषिराजनं खिडकीतून डोकं काढलं. "कळसपास्नं तिसऱ्या गिअरवर आलो."

"मग! पांढरेच लाव म्हनत हुतास न्हवं? धुक्यात पांढरा दिवा म्हंजी डोळ्याम्होरं चादर धरल्यागत. कुनी सांगितलं हुतं तुला?"

"तुमीच सांगितलं."

"आन् फोन?"

"ठेवला की कप्प्यात. गाडी चालवताना फोनला हात लावत न्हाय."

हा नियमही बादशाहचाच. पालकांच्या बैठकीत मूठ आपटून त्यानं तो करून घेतला होता. मेहजबीन पुढच्या सीटवर बसली, मागं पोरींची कलकल चालली होती. जीप निघाली आणि दोन पिवळे दिवे धुकं कापत गेले. बादशाह कमरेवर हात ठेवून बघत राहिला. त्याची छाती त्या वेळी इतकी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी होती.

हा बादशाह म्हणजे अंथुर्ण्यापासून इंदापूरपर्यंत गाड्यांच्या वायरिंगमधला शेवटचा शब्द. हात सोन्याचा, तोंड मात्र मिरचीचं. उसाच्या ट्रॅक्टरला कुणी हौसेनं डझनभर दिवे लावून आणले की तो आधी शिव्या द्यायचा, मग दिवे उतरवायचा आणि मगच चहा पाजायचा. पण त्याची खरी ओळख म्हणजे दुकानातला तारांचा हार. गाडीचा फ्यूज जळला की आपल्याकडे एक सोपा उपाय आहे. तांब्याच्या वायरीतली एक तार काढायची आणि फ्यूजच्या जागी खुपसायची. गाडी लगेच चालते. फ्यूज बिचारा स्वतः जळून गाडी वाचवतो. तार काही जळत नाही, ती गाडी जाळते. अशी तार कुठल्याही गाडीत सापडली की बादशाह ती काढून दारासमोरच्या खिळ्यावरच्या हारात अडकवायचा, आणि ज्यानं ती घातली त्याचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं सांगायचा. कित्येक मेकॅनिकांची इज्जत त्या खिळ्याला लटकत होती. सांगवीच्या अफजलच्या तर तीन तारा होत्या. दोन लेकरांचा बाप तो, पण बादशाहची मोटारसायकल दिसली की दुकानात मागं जाऊन उभा राहायचा.

तर जीप गेली आणि बादशाह दुकान उघडायला वळला. किल्लीसाठी खिशात हात घातला. किल्ली निघाली, आणि तिच्याबरोबर जीपच्या फ्यूजच्या डबीचं काळं झाकण निघालं. आणि नवाकोरा फ्यूज.

त्यानं रस्त्याकडं बघितलं. जीप धुक्यात गडप झाली होती.

काल नेमका त्या मापाचा फ्यूज संपला होता. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर दिवे मारून खाली-वर करायचे, एवढ्यापुरतीच त्यानं फ्यूजच्या जागी तार घातली होती. तेवढ्यात ऋषिराजला घरून फोन आला, म्हैस विताना आडलीय म्हणून, आणि तो गाडी घेऊन पळाला. "सकाळी हितं थांबशील तवा फ्यूज बसवतो," असं बादशाहच म्हणाला होता. रात्री दुकान बंद करून त्यानं शेजारच्याकडून फ्यूज आणला, दुकानातच राहिलेल्या झाकणासकट खिशात टाकला, विसरायला नको म्हणून. आणि सकाळी जीप समोर उभी असताना खिशात फ्यूज घेऊन तो कौतुक ऐकत बसला!

त्यानं फोन लावला. नुसतीच घंटी वाजत राहिली. परत लावला. त्या कप्प्यात फोन थरथरत असेल, आणि कुणी तो उचलणार नाही, कारण बादशाहनंच तसं बजावलंय. मेहजबीनकडं फोन नाही, शाळेत चालत नाही. आणि गाडीत तिच्यासकट सगळ्या पोरीच पोरी.

दुकान तसंच बंद सोडून त्यानं मोटारसायकलला किक मारली.

धुक्यात मोटारसायकलचा दिवा पांढरा. समोर खरंच चादर धरल्यासारखी झाली. बादशाहनं आयुष्यभर लोकांचे दिवे बदलले, स्वतःच्या गाडीचा कधी बदलला नाही. चांभाराच्या बायकोच्या पायात वहाण नसते म्हणतात ते काही खोटं नाही. डावीकडची पांढरी पट्टी धरून तो पळवत होता. मनात एकच हिशेब. तार नुसती आहे म्हणून काही होत नाही. वायर कुठं घासली, तांबं पत्र्याला टेकलं, तरच. आणि घासणार कुठं? लासुर्ण्याच्या अलीकडं जीप आत वळते, वस्तीवरच्या दोन पोरी घ्यायला. तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

अचानक समोर काळं काहीतरी उभं राहिलं. उसाची ट्रॉली. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. त्यानं हँडल वळवलं, बाहेर लोंबणारी उसाची वाढं तोंडावर सपकन लागली आणि तो मातीवर गेला, तसाच परत रस्त्यावर आला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं त्या ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तो तसाच पुढं गेला. कुठल्या तोंडानं बोलणार?

वस्तीच्या वळणावर गेणबा दुधाच्या किटल्या घेऊन उभा होता.

"गेणबा, ऋषिराजची जीप?"

"आत गेली की. भायेर न्हाय आली अजून. का रं, काय झालं?"

बादशाह उत्तर द्यायला थांबलाच नाही. दोन्हीकडं उंच ऊस, मध्ये चाकोरी. गाडी आपटत होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला वाटत होतं, इथंच घासली असेल, इथंच. तोंडानं तो अल्लाचं नाव घेत होता आणि मध्येच स्वतःला शिव्याही देत होता.

मग समोर दोन पिवळे दिवे दिसले. खाली, हलत हलत येणारे. त्याला रडूच आलं. त्यानं मोटारसायकल आडवी लावली, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "थांब! ऋषिराज, दिवे बंद कर!"

दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. मोठे दिवेही विझले. समोर काहीच राहिलं नाही, नुसतं धुकं आणि त्यातून येणारा जळक्या प्लॅस्टिकचा वास.

"मेहजबीन!" तो पळत सुटला. चप्पल मागं राहिली.

तो पोचेपर्यंत पोरी उतरून उसाच्या बांधावर एकमेकींना धरून उभ्या होत्या. बॉनेटच्या फटीतून काळा धूर येत होता आणि ऋषिराज पाण्याची बाटली घेऊन धावत होता. "पानी नगं, माती टाक!" असं ओरडत बादशाहनं बॉनेट उघडलं. वायर लाल होऊन बॅटरीपर्यंत पेटत आली होती. पाना शोधायला वेळ नव्हता. त्यानं तापलेलं टर्मिनल नुसत्या हातानं धरलं, पिळलं आणि उपटून काढलं. तळहाताची कातडी तिथंच चिकटली. ऋषिराजनं ओंजळीनं माती टाकली. धूर हळूहळू पांढरा झाला, मग थांबला.

मेहजबीन त्याच्याजवळ आली. बोलली ती सरळच. "अब्बा, वास आला मला. तुमच्या सदऱ्याला येतो, तसला. ऋषिराजदादा म्हनत हुते बाहेरनं येतोय. म्या म्हनलं, न्हाय, वायर जळतीय, थांबवा गाडी. आन् पोरी उतरवल्या."

बादशाहनं तिला पोटाशी धरलं. हात भाजलेला होता म्हणून कोपरानंच धरलं.

तिकडं ऋषिराज बॉनेटात वाकला होता. "ह्ये बघा चाचा! हितं घासलीय वायर. ह्या हॉर्नच्या पट्टीला. ही पट्टी अफजलनं बसवलीय, गेल्या महिन्यात. धार बी घासून काढली न्हाय भाड्यानं!" बघता बघता त्यानं कप्प्यातून फोन काढला आणि अफजलला लावलाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा, स्पीकरवर.

पट्टी अफजलची होती, हे खरं होतं. धार घासून काढलेली नव्हती, हेही खरं होतं. बादशाह तोंड मिटून उभा राहिला असता तर जगात कुणालाही कळलं नसतं. तार टर्मिनलबरोबर उपटून आलेल्या वायरीच्या जळक्या गोळ्यात होती, त्याच्याच पायाशी. तो हलला नाही.

"अफजल, तुझ्यामुळं आज पोरी जळाल्या असत्या!" ऋषिराज ओरडला. "काय बसवलंस गाडीत?"

पलीकडून अफजलचा बारीक आवाज आला. "दादा, म्या फकस्त हॉर्न बसवला हुता... पर चुकलं आसंल माझंच. पोरी बऱ्या हायत न्हवं? भरून देतो म्या काय आसंल ते. एवढं बादशाहचाचांस्नी सांगू नगा. त्या हारात आता चौथी तार नगं मला. माझी पोरं त्यांच्या दुकानावरनंच शाळंला जात्यात."

मेहजबीन बापाकडं बघत होती. बापाचं तोंड तिनं कधी असं पाहिलं नव्हतं.

बादशाहनं डाव्या हातानं फोन घेतला. "अफजल, बादशाह बोलतोय." त्यानं पायाशी पडलेल्या जळक्या गोळ्याकडं बघितलं. "तुझी पट्टी घासली, ते खरं हाय. पर फ्यूज असता तर फ्यूज उडला असता आन् दिवे विझले असते, बास. फ्यूज न्हवता. फ्यूज माझ्या खिशात हुता. तिथं तार घातली हुती, ती म्या घातली. माझ्या हातानं."

"चाचा, तुमी?" ऋषिराजच्या तोंडून निघालं. अफजलला वाटलं असेल, ही कसली नवी थट्टा.

"ऐकू आलं का न्हाय?" बादशाह ओरडला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू घाबरलास, ते माझ्यामुळं. माफ कर बाबा."

पोरी गेणबाच्या मुलाच्या टेम्पोतून शाळेला गेल्या. जीप ट्रॅक्टरला बांधून अंथुर्ण्याला आणली. दुकान सकाळपासून बंदच होतं, समोर चारपाच माणसं वाट बघत बसली होती. बादशाहनं दुकान उघडलं, हाताला फडकं गुंडाळलं, जळक्या गोळ्यातून ती काळी तार सोडवली आणि खिळ्याकडं गेला.

"कुनाची घावली आज?" एकानं हसत विचारलं. "अफजलची का?"

"माझी," बादशाह म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही, तेव्हा ते थांबले.

त्यानं अफजलच्या तीन तारा हारातून काढून कचऱ्यात टाकल्या आणि त्या जागी आपली अडकवली. ती आजही तिथं आहे. कुणी हाराकडं बोट दाखवून विचारलं, की बादशाह आधी स्वतःचं नाव सांगतो, कसं झालं तेही सांगतो, अगदी खिशातल्या फ्यूजसकट. पुढची नावं सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.