उपरण्याखालचा प्रबंध

नरहर मास्तरांशी हात मिळवणं धोक्याचं होतं. ते खांद्यावरचं उपरणं आपल्या हातावर टाकत, त्याखाली आपली बोटं चाचपत आणि डोळे मिटून विचारत, "बोला, काय देता?" देगलूरच्या बैलबाजारात दलाल असाच सौदा करायचे. भाव तोंडानं बोलायचा नाही. कापडाखाली बोटं दाबायची. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे.

मास्तर आणि मी एकाच शाळेत होतो. मी ड्रॉइंगमास्तर, ते अर्थशास्त्राचे एम.ए. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मास्तरांना डॉक्टर व्हायचं होतं; झाले की हैदराबादेत प्रोफेसरकी पक्की होती. अटी ते शेंगा फोडत ऐकवायचे: मार्गदर्शक हवा, प्रबंध उर्दूत हवा, त्यात जगाला ठाऊक नसलेलं काहीतरी हवं, त्याचा पुरावा हवा आणि शेवटी तोंडी परीक्षा. "बाकीचं होईल हो. पण तोंडी परीक्षेला सांगू काय? माझा विषय बैलांचा भाव, अन् हा बाजार तर तोंडच उघडंना."

मग ते गंगाराम दलालाचे चेले झाले. गंगारामची अट विद्यापीठापेक्षा कडक होती. "शिकवतो मास्तर. पर ही बोटं कागदावर गेली तर आमच्या पोटावर पाय येतो."

"हाव," म्हणून मास्तरांनी शब्द दिला. पहिल्याच सौद्यात भलतं बोट दाबलं आणि एम.ए. झालेला माणूस लंगडा बैल घेऊन घरी आला. वहिनींनी दारातूनच विचारलं, "ह्यालाबी उर्दू शिकवावं लागंल का?"

प्रबंध झाला. त्यातले तक्ते मी काढलेले, म्हणून तोंडी परीक्षेला मलाही हैदराबादेला नेलं. शेरवानीतले बुजुर्ग प्रोफेसर म्हणाले, "काम लाजवाब है, मास्टरसाहब. मगर सौदे आप ही ने समझे, आप ही ने लिखे. हम जाँचें कैसे? उँगलियों की कुंजी लिख दीजिए, डिग्री ले जाइए."

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. लिहून टाका की एकदाचं. त्यांनी उपरणं काढलं, प्रोफेसरांच्या हातावर टाकलं, खाली एक बोट दाबलं आणि नमस्कार करून बाहेर पडले. उपरणं विरलेलं, त्यामुळे कोणतं बोट ते मला दिसलं.

"क्या कहा इन्होंने?" प्रोफेसरांनी मला विचारलं. मला काय ठाऊक.

देगलूरला आल्यावर मी गंगारामचं तेच बोट दाबलं. तो दचकला. "कुनी शिकवलं तुमाला?" मी झालेलं सगळं सांगितलं. त्यानं बैलाची शिंगं चोळली. मग म्हणाला, "इकायचं न्हाई, असं म्हनले मास्तर."

पुढच्या बाजारापासून झाडून सगळे दलाल त्यांना डाक्टरसाब म्हणू लागले. वहिनी मात्र लंगड्या बैलालाच डॉक्टर म्हणत. प्रबंधापायी त्यानंच जास्त सोसलं, असं त्यांचं मत होतं. मास्तर शेवटपर्यंत आमच्याच शाळेत राहिले आणि तिथूनच रिटायर झाले.

आता मास्तर गेले, गंगारामही गेला. आता सांगायला काय हरकत आहे, असं तुम्ही म्हणाल. पुन्हा एकदा वाचून बघा. कोणतं बोट, ते मी कुठंही लिहिलेलं नाही.