मंगळीचा अर्धा राब

मंगळीने भाताची रोपं करायच्या राबाच्या तुकड्यावर यंदाही पुरता थर लावला होता. खाली शेण, त्यावर ऐनाचा टहाळ, त्यावर वाळलं गवत आणि वरून मातीची भुकटी. पण चैत्र सरत आला तरी तिने तो भाजला नव्हता. डोळखांबच्या त्या वरच्या पाड्यातले बाकीचे राब केव्हाच जळून काळे पडले होते.

शेजारचा बुधू येता-जाता टोकायचा, "वहिनी, राब भाजतेस का पूजतेस?"

"रोशन यायचाय," एवढंच ती म्हणायची.

खरी गोष्ट बुधूला ठाऊक होती. जेवढा राब भाजायचा तेवढी रोपं, आणि जेवढी रोपं तेवढे ती खाचरात लावायला, आवणीला, हात लागायचे. मंगळीची खालची खाचरं त्याने अर्ध्या पिकाच्या बोलीवर, अर्धेलीने मागितली होती. तिने होही म्हटलं नव्हतं, नायही नव्हतं.

मुरबाडकडून लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच चिखलात वाकत होती. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर पोराबरोबर. मधली काही वर्षं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर काढली, पण पावसाच्या तोंडावर माघारी यायचंच. रोशनचं आयटीआय त्या भट्टीच्या पैशांवरच झालं. आता तो सिन्नरला कंपनीत फिटर होता. गेल्या साली आवणीला येतो म्हणाला नि आला नाही. एकटीने होईल तेवढं लावलं, उरलेली रोपं राबातच पिवळी पडली. यंदा तसं व्हायला नको होतं. त्याची चिखलात घालायची जुनी हाफपँट तिने धुतली, ठिगळ लावलं आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवली.

रोशन आला तो नव्या मोटारसायकलवरून. तिने कोंबडा कापला. त्याने दाराची करकरणारी बिजागरी नीट केली, कंपनीतल्या साहेबाची नक्कल करून तिला हसवलं.

"आये, चल ना सिन्नरला. घरात नळाला पानी येतं."

"आन् कोंबड्या?"

"त्यापन घे. गाडीवर मागं बसव."

"तू पडशील रे, त्या नाय पडायच्या."

आवणीचं मात्र ती बोलली नाही. विचारून मिळालेलं हो तिला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी भाकरी बांधत होती, तोवर त्याने गाडी पुसून घेतली. नागलीच्या पिठाची पिशवी हँडलला अडकवली, किक मारली आणि आपण होऊन म्हणाला, "आवणीला येतो गो आये. सुट्टी टाकतो."

"ये," ती म्हणाली.

गाडी उतारावरून खाली गेली. वळणापुढे आवाजही गेला.

ती अंगणात वळली तर गाडी उभी होती तिथे एक फडकं पडलं होतं. ऑइलने काळंकुट्ट. उचललं तर वर तिचंच ठिगळ. तिने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

पोरगा लबाड नव्हता. येतो म्हणताना त्याला यावंसं वाटतही असेल. पण ती पँट पुन्हा लागणार आहे, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

फडकं खांद्यावर टाकून, कुदळ घेऊन ती राबावर गेली. मधोमध थर ओढून काढत तिने माती उघडी केली, आग पलीकडे जायला नको म्हणून. बुधू बांधावर येऊन उभा राहिला.

"हे काय गो, वहिनी?"

"हा अर्धा माझा, तो तू भाज. खालची खाचरं घे. पन बांधावरचा आंबा माझा."

"एखादी कैरी तरी?"

"पडलेली घे."

बुधू हसला. मंगळीने वाऱ्याचा अंदाज घेतला, फडकं आपल्या बाजूच्या गवतात खुपसलं आणि काडी ओढली. भप्पकन जाळ उठला.

"कसलं फडकं म्हनायचं हे!" बुधू मागे सरला.

"रोशनचं," ती म्हणाली. "ऑइल लागलंय."