व्याही आणि लोकरीचा पोपट

आमच्या व्याह्यांइतके प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या विहिणीची मला आत्तापासून काळजी वाटते. माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक चालू होती, सगळे मानपानाचं बोलत होते, आणि मुलाचे वडील, म्हणजे हेच व्याही, आमच्या कूलरच्या मागे उकिडवे बसले होते. पाणी वर कसं चढतं ते त्यांना बघायचं होतं. लग्नानंतर दोन्ही घरचे मिळून जांब समर्थला देवदर्शनाला निघालो, गोदावरी बघायला वाट वाकडी करून शहागडला चहाला थांबलो, तर व्याही रांगेनं उभ्या ट्रकवाल्यांना कुठून आलात, काय भरलंय, उतरवणार कसं, असं विचारत पार गोदावरीच्या पुलापर्यंत गेले. मी कामांची यादी करून घराबाहेर पडणारी बाई. त्या दिवशीची निम्मी यादी शहागडलाच राहिली. पण त्यांच्यावर रागावता येत नाही. साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, पांढऱ्या मिशा, आणि विचारताना चेहरा असा, की उत्तर आपण इतकी वर्षं त्यांच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

मुलीला दिवस गेले तेव्हा मी बाळासाठी पांघरूण विणायचं ठरवलं. साध्या क्रोशाची तोरणं आणि रुमाल खूप झाले होते, म्हणून फोनवर बघून ट्युनिशियन क्रोशा शिकायला घेतला. तेवढ्यात मेथीच्या जुड्या घेऊन व्याही आले. मेथी हातातच राहिली.

“विहीणबाई, ही सुई एवढी लांब कशापायी?”

मी सांगितलं, जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर गोळा करायचे, येताना एकेक सोडायचा, काम कधी उलटायचं नाही.

“म्हंजे संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, कुंपणाच्या आत घ्यायची आन् सकाळी एकेक बाहेर सोडायची. बराबर?”

बराबर होतं. त्यांचं घराणं मेंढपाळांचं; थोरले भाऊ अजून गावी मेंढरं राखतात. पुढच्या खेपेला व्याही स्वतःची सुई घेऊनच आले. त्यांच्या पहिल्या पट्टीची पार सुरळी झाली, कारण या विणीला वळायची खोडच असते. मी ती ओली करून पाट्याखाली दाबली; हे मात्र ती का वळते ते शोधत हिंडले. मस्तगडच्या बाजूला आमचा लोकरवाला आहे, तो आता त्यांना लांबून बघितलं की चहाला जातो.

नंतर मी पांघरुणावर विणायला म्हणून चौकटींच्या कागदावर पोपट काढला. एक चौकट म्हणजे एक टाका, सुरुवात खालून, आणि दर ओळ उजवीकडूनच वाचायची. स्केचपेननं पोपट हिरवा रंगवला, फांदी तपकिरी. “पोपट माझ्याकडं,” व्याही म्हणाले. आठवड्यानं त्यांनी काम दाखवलं. टाके असे एकसारखे, की मला जरा हेवाच वाटला. पण फांदी मध्येच हिरवी झाली होती आणि पोपटाचं पोट तपकिरी. मी हसत म्हटलं, “व्याहीबुवा, ध्यान कुठं होतं?”

ते हसले नाहीत. काम घेऊन गेले, उसवलं, पुन्हा विणून आणलं. पोट पुन्हा तपकिरी.

“मी एकेक चौकट बोटानं धरून करून राह्यलो, विहीणबाई. बिलकुल इकडंतिकडं पाह्यलं न्हाई.”

मला माणसापेक्षा वस्तू तपासायची सवय. मी लोकरीचे दोन गुंडे त्यांच्यासमोर ठेवले, वरच्या, रंगाचं नाव छापलेल्या कागदी पट्ट्या काढून टाकल्या आणि विचारलं, यातला हिरवा कुठला? ते बराच वेळ बघत राहिले. मग एकावर बोट ठेवलं, लगेच दुसऱ्यावर नेलं. मुलीनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरक यांना जन्मापासूनच नीट कळत नाही.

दुसरा कोणी खचला असता. यांना नवीनच खेळ मिळाला. मिरची दाखवून “ही कशी दिसती?”, रिक्षा गेली की “ही कशी?” दोन दिवस असं चाललं आणि तिसऱ्या दिवशी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि सांगू लागले. लहानपणी त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर लाल ठिपका असायचा, शेजाऱ्याच्या मेंढरांवर हिरवा. पाणवठ्यावर कळप मिसळले आणि हे शेजाऱ्याची मेंढरं घेऊन घरी आले. एकदा न्हाई, तीनदा. वडिलांनी मारलं, “बेध्यान हाये, कामाचं न्हाई, शाळेत टाका” म्हणाले, आणि टाकलं. थोरले भाऊ आजही चारचौघांत त्यांना बेध्यान्या म्हणून हाक मारतात.

“मंग मी बेध्यान नव्हतो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “न्हाई ना?”

“बिलकुल नव्हता,” मी म्हटलं. “आता थोरल्या भावजींना फोन लावा.”

त्यांनी माझ्यासमोरच लावला, आवाज मोठा ठेवून. सगळं सांगितलं, शाळेत धडा समजावतात तसं. पलीकडे थोरल्यांनी मेंढरांना हाकारल्याचा आवाज आला.

“आरं, मंग सांगायचं न्हाई का?” थोरले म्हणाले.

“मलाच कुठं ठाव होतं, दादा? मला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं, आन् तुम्ही ध्यान देता, मी देत न्हाई.”

“दुसरी खूण केली अस्ती रे. मेंढरांच्या कानाला दोरा बांधला अस्ता.” मग म्हणाले, “जेवलास का?”

फोन ठेवल्यावर मी लगेच कामाला लागले. हिरवा गुंडा डब्यात टाकला, तपकिरी पिशवीत, आणि पोपटाच्या कागदावरच्या प्रत्येक हिरव्या चौकटीवर फुली मारायला घेतली; फुली म्हणजे डबा. व्याही बघत होते.

“दोरा बांधला अस्ता,” ते म्हणाले, “तर मी शाळेत गेलोच नस्तो, विहीणबाई.”

हे त्यांनी सुटल्यासारखं म्हटलं की काही हुकल्यासारखं, ते मला कळलं नाही. मी फुल्या मारत राहिले. त्यांनी पोटापर्यंत उसवलं, डबा उघडला, धागा बोटाला गुंडाळला आणि उजवीकडून एकेक टाका सुईवर घ्यायला सुरुवात केली.