झाकणावरचं कुंकू

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली की घरात नसलेल्या रॉकेलचा वास माझ्या नाकात भरतो. सोलापुरातल्या एका लाकडाच्या वखारीत करवत चालवणारं रॉकेलवरचं इंजिन तेव्हा माझ्या हाताखाली होतं. एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जवळच्या खेड्यातला एक माणूस बैलगाडी घेऊन आला. त्याची बायको गेली होती, सरणाला लाकूड हवं होतं आणि वखारीत नुसते अख्खे ओंडके पडलेले. मी बर्नर तापवला, तेलाची नळी फुंकून पाहिली, चाक फिरवून फिरवून खांदे भरून आले, पण इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. “मिस्त्री, कुऱ्हाड हाय का? घरी मैत ठिवून आलोय,” असं म्हणून तो स्वतःच ओंडका फोडायला लागला. शेवटी मी तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, तर मीच पूजेला लावलेलं ओलं कुंकू वाळून त्यावरचं हवेचं बारीक भोक बुजलं होतं, आणि हवा आत जात नसल्यानं तेल खाली उतरत नव्हतं. टाचणीनं ते मोकळं केल्यावर इंजिन धडधडू लागलं. “ऱ्हाऊ द्या आता, पुरं झालं,” तो म्हणाला आणि फोडलेली लाकडं गाडीत भरू लागला. काय बिघडलं होतं ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता खंडेनवमीला सून ताट पुढे करते, तेव्हा मी म्हणतो, तूच लाव.