औषध पचवलेली मंडळी

जंतांना अहोजाहो करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नव्वद सालानंतर बारामतीत आमच्या माडीवर भाड्यानं राहत होता. गुरांचे डॉक्टर ते, पण गुरांपेक्षा त्यांच्या पोटातल्या जंतांचीच काळजी जास्त. ‘‘काल कळंबला गेलो, मंडळी मजेत आहेत,’’ असं जेवताना म्हणायचे, की आई ताट उचलून आत जायची. कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्यांत मेंढ्यांच्या लेंड्या भरलेल्या असायच्या. समोर येईल त्याची खालची पापणी ओढून रक्त बघायची खोड तर विचारूच नका. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा या बाबानं सरळ नवऱ्या मुलाची पापणी ओढली. म्हणाले, ‘‘लाल आहे. द्या मुलगी.’’ दिली हो!

कळंबचे बिरूतात्या मात्र त्यांना देव मानायचे. भाऊबंद उसाकडं वळले तरी तात्यांनी मेंढरं सोडली नव्हती. त्यांचा जीवच त्यात. डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्या सगळ्या कळपाला जंतांचं औषध पाजायचे. मग एका वर्षी औषध पाजूनही मेंढरं मरायला लागली. जबड्याखाली पाणी उतरायचं, डोळे पांढरेफटक पडायचे आणि चालता चालता जनावर खाली बसायचं.

एका दुपारी डॉक्टरांनी मला वर हाक मारली. ‘‘जंतांची अंडी औषधात ठेवलीत. बघ.’’

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. औषधातच अंडी फुटत होती, आणि केसाहून बारीक पिल्लं त्यातच वळवळत पोहत होती. अगं बाई! अंगावर सर्रकन काटा आला. ती वर माझ्याकडंच बघतायत असं वाटलं.

‘‘औषधानं मेले ते गेले,’’ डॉक्टर अगदी हळू बोलले, मंडळी ऐकतील म्हणून. ‘‘ज्यांनी पचवलं ते उरले. मग त्यांची पोरं, पोरांची पोरं, सगळी जन्मतःच पचवणारी. तात्या चांगला मेंढा राखून पैदास करतात ना, तशी मी यांची केली.’’

त्यांनी नवं औषध काढलं, पण फक्त आजारी मेंढरांना. ‘‘बाकीच्यांच्या पोटातले साधेभोळे जंत राहू द्या, तात्या. त्यांची या पचवणाऱ्यांशी सोयरीक होऊ दे, म्हणजे पोरं साधीभोळी निपजतील आणि नवं औषध टिकेल.’’

तात्या भडकले. ‘‘जंत जगवायचं म्हंता? डोस्कं फिरलं का, डाक्टर? हितं माजी मेंढरं मरत्यात!’’

त्यांनी दुकानातून तेच नवं औषध आणून सगळ्या कळपाला पाजलं, अन् मग दर वेळी पाजत राहिले. मेंढरं उड्या मारू लागली. अख्खा गाव डॉक्टरांना हसला.

तीन-चार वर्षांनी तात्या टेम्पोतून एक मेंढी घेऊन आमच्या दारात उतरले. मंडळींनी नवं औषधही पचवलं होतं; मागं कळपच उरला नव्हता. ‘‘आता कंचं औषध, डाक्टर?’’

‘‘नाही, तात्या. माझ्याकडं नाही.’’

डॉक्टर ओट्यावर बसले अन् मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा श्वास थांबेपर्यंत दोघं तिच्या अंगावरून हात फिरवत राहिले. मग तात्या म्हणाले, ‘‘तुमीबी मेंढरं जगावीत म्हणूनच पाजलं, डाक्टर. मीबी.’’

इतकी मायेची माणसं, अन् त्यांच्याच हातून हे व्हावं!