आचमनापुरतं कोपर

प्लास्टर कापलं तेव्हा मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि माझा उजवा हात काटकोनात उभा होता. प्लास्टर गेलं तरी काटकोन काही जाईना. फार तर थोडासा पुढे सरके, थोडासा मागे. शिष्टाचार म्हणून.

पडलो कसा, हे मी बाहेर सांगताना "जिन्यावर" असं सांगत असे. खरं असं, की उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून मुलीसाठी कपाट आणलं होतं. "साईं, दरवाजा थोडा टाइट है, चलते-चलते खुल जाएगा," असं तिथला सिंधी दुकानदार म्हणाला होता. पण दार कुरकुरायला लागलं, म्हणून मी स्टुलावर चढून त्याच्या वरच्या बिजागरीत खोबरेल तेल सोडत होतो. बिजागरीपेक्षा स्टुलाला जास्त तेल मिळालं. धाडकन आवाज झाल्यावर बायको धावत आली. तिने आधी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

व्यायामासाठी अंबरनाथला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या अज्ञानाला हात घातला. "काका, कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा. दार एकाच रेषेत उघडतं आणि मिटतं ना, तसंच हे. गुडघा साधारण तसाच, बोटांची पेरंही तशीच. खांद्याचं वेगळं, तो सगळीकडे फिरतो. आता हात तोंडाकडे न्या बघू."

मी जोर लावून नेला. बराच वर गेला असं मला वाटलं.

"काका, हा खांदा उचलला तुम्ही. कोपर झोपलंय. खांदा असाच असतो, दुसऱ्याचं काम करायला सदा पुढे."

मला एकदम माझा मोठा भाऊ आठवला.

तोपर्यंत मी निवांत होतो. जेवत डाव्या हाताने होतो, दाढी मुलगी करून देत होती. पण एका संध्याकाळी बायकोला आठवलं. "अहो, आचमन!"

कुठल्याही धार्मिक कार्यात यजमानाने सुरुवातीला उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन प्यायचं असतं, तेही तीनदा. तिथून पुढे संकल्प, पुण्याहवाचन आणि शेवटी कन्यादान. पहिल्या पायरीवरच माझा हात छातीशी अडणार होता. गंमत म्हणजे तळवा वर करणं मला झकास जमायचं, कारण हात उताणा-पालथा करायला वेगळा सांधा असतो म्हणे. म्हणजे मागायची सोय होती, प्यायची नव्हती.

भाऊ कात्रपहून लगेच हजर झाला. कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेल्यामुळे त्याने आधी माझं कोपर ठोकून पाहिलं.

"जाम झालंय. तू कशाला त्रास घेतोस? मी आणि तुझी वहिनी बसू की पाटावर. सोवळं इस्त्रीला टाकलंय."

"दादा, कन्यादान माझ्या मुलीचं आहे."

"मग माझी कोण लागते ती? आणि तू तिथे पाणी सांडत बसणार, व्याही बघणार. शोभा!"

बायको म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या." आमच्याकडे याचा अर्थ विषय संपला असा होतो. दादाने चहा घेतला आणि विषय चालूच ठेवला.

मी गुरुजींना फोन लावला. तरुण माणूस, हेंद्रेपाड्यात राहतो, स्कूटरवरून दिवसाला दोन-तीन कार्यं उरकतो. मी विचारलं, डाव्या हाताने आचमन चालेल का?

"काका, आज डाव्या हाताने आचमन, उद्या पायाने अक्षता टाकाल."

"मग दादाला बसवू?"

त्यांनी आवाज खाली आणला. मागे कुणाच्या तरी वास्तुशांतीतली घंटा वाजत होती. "हे बघा, पाणी उजव्या हातातून तोंडात गेलं पाहिजे. हात वर आला की तोंड खाली गेलं, हे मी बघत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी तोंड खाली नेण्याचा सराव सुरू झाला. सकाळी चहाआधी मी पाटावर बसायचो, बायको पळीने पाणी घालायची, मुलगी "केशवाय नमः" म्हणायची आणि मी हौदावरच्या बैलासारखा मान घालायचो. पहिले काही दिवस पाणी नाकात गेलं. मग मुलीने शोध लावला, "बाबा, मानेतून नको, कमरेतून वाका." हे जमलं. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, दारात थबकल्या आणि साखर न घेताच गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या व्यायामाने कोपरही रोज थोडं थोडं सैल होत होतं, पण लग्नाच्या तारखेची त्याला कल्पना नसावी.

लग्नाच्या दिवशी हॉलवर पोचलो, तर दादा सोवळं नेसून तयार. "असू दे, लागलं तर," म्हणाला आणि बरोबर माझ्या पाटामागे खुर्ची टाकून बसला. स्टेपनी.

गुरुजींनी पळी उचलली. मी वाकलो. केशव पोटात गेले, नारायण गेले, माधवही गेले आणि कंबर धरली. वर येता येईना.

"यजमान, नमस्कार पुरे," गुरुजी हळूच म्हणाले.

"नमस्कार नाहीये, गुरुजी."

मागून दोन हात माझ्या काखेत आले आणि मला उचलून सरळ बसवलं. आता हा मला पाटावरूनच बाजूला करणार, असं वाटून मी पाट घट्ट धरला. पण दादा नुसतं "हं, चालू द्या" म्हणाला आणि मला टेकू म्हणून स्वतःचा गुडघा माझ्या पाठीला लावून बसून राहिला.

पुढे कन्यादान. खाली जावयाची ओंजळ, त्यावर मुलीची, त्यावर माझी आणि वरून बायको पाण्याची धार धरते आहे. ओंजळ धरायला काटकोन पुरतो. पाणी माझ्या बोटांतून मुलीच्या हातावर पडू लागलं आणि माझे डोळे, नाक सगळंच वाहू लागलं. दोन्ही हात गुंतलेले. धार तोडायची नसते. व्याही समोर.

दादाने मागून आपलं उपरणं पुढे आणलं आणि माझ्या नाकाला लावलं.

"शिंकर," तो म्हणाला.